वाक्यपृथक्करण (संगणकशास्त्र)

हा लेख संगणकीय आज्ञावलीच्या वाक्यपृथक्करणाविषयी आहे. शालेय मराठी व्याकरणातील याच नावाच्या अभ्यासप्रकारासाठी वाक्यपृथक्करण (व्याकरण) हा लेख पाहावा.

वाक्यपृथक्करण किंवा पार्सिंग म्हणजे आज्ञावलीच्या सलग मजकुरातून तिची अंतर्गत रचना शोधून ती वृक्षाच्या रूपात मांडण्याची प्रक्रिया होय. ही प्रक्रिया करणाऱ्या आज्ञावलीस पार्सर म्हणतात. माणसाने लिहिलेली आज्ञावली संगणकाच्या दृष्टीने प्रथम केवळ अक्षरांची एक लांब ओळ असते. त्या ओळीचे आधी टोकनांत, म्हणजे अर्थपूर्ण सुट्या तुकड्यांत, विभाजन होते; नंतर कोणते टोकन कोणाशी जोडलेले आहे हे ठरवून रचनावृक्ष तयार होतो. अर्थ लावणे, चुका दाखविणे, यंत्रभाषेत रूपांतर करणे ही पुढील सर्व कामे या वृक्षावर चालतात. प्रस्तुत लेखात हॅस्केल, ओकॅमल यांसारख्या फलनप्रधान, म्हणजेच फंक्शनल, भाषांत पार्सर कसे लिहिले जातात यावर विशेष भर दिला आहे. लेखातील नमुना आज्ञावल्यांमधील नावे वाचकांच्या सोयीसाठी मराठीत दिली आहेत.

संज्ञा

मराठी शाळांत शिकलेल्या वाचकास ही कल्पना अपरिचित नाही. व्याकरणाच्या तासाला दोन वेगवेगळे अभ्यास करून घेतले जातात. पहिला व्याकरण चालविण्याचा, ज्याला जुन्या पुस्तकांत पदपरिस्फोट असेही म्हटले आहे. त्यात वाक्यातील प्रत्येक शब्द सुटा घेऊन त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगायची असते. दुसरा वाक्यपृथक्करणाचा. त्यात उद्देश्य कोणते, उद्देश्यविस्तार कोणता, कर्म व विधेयविस्तार कोणते, क्रियापद कोणते हे तक्त्यात मांडायचे असते. संगणकशास्त्रात पहिल्या टप्प्याला शब्दविश्लेषण किंवा लेक्सिंग आणि दुसऱ्याला पार्सिंग म्हणतात. इंग्रजीतील पार्सिंग हा शब्दही शाळेतील व्याकरणाच्या अभ्यासातूनच संगणकशास्त्रात आला आहे. त्यामुळे मराठीत नवा शब्द घडविण्यापेक्षा जुनाच शब्द वापरणे अधिक सयुक्तिक ठरते.

एक भेद मात्र लक्षात ठेवावा लागतो. मराठी वाक्यात शब्दांचे परस्परसंबंध बव्हंशी प्रत्ययांवरून कळतात. ‘वाघाने हरणाला मारले’ आणि ‘हरणाला वाघाने मारले’ यांत शब्दक्रम बदलला तरी कर्ता बदलत नाही. संगणकीय भाषांना प्रत्यय नसतात. तेथे बहुतेक सर्व अर्थ क्रमावर आणि कंसांवर अवलंबून असतो, म्हणून तेथील व्याकरण हे मुख्यतः क्रमाचे व्याकरण असते.

टोकन आणि वृक्ष

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत उन्हाळ्यात तेंदूपाने तोडून त्यांचे पुडे बांधले जातात आणि संकलन केंद्रावर पुड्यांच्या संख्येने मोजले जातात. एका कुटुंबाने काल ४० पुडे दिले आणि आज कुटुंबातील ३ जणांनी प्रत्येकी ६० पुडे दिले, असे समजू. हिशेब लिहिणारा ४० + ३ × ६० असे लिहील. शब्दविश्लेषक या ओळीचे पाच तुकडे करतो: अंक ४०, अधिक चिन्ह, अंक ३, गुणिले चिन्ह, अंक ६०. मधल्या रिकाम्या जागा येथेच गळून पडतात.

आता या पाच तुकड्यांचे दोन वृक्ष संभवतात:

बेरीज (४०, गुणाकार (३, ६०))
गुणाकार (बेरीज (४०, ३), ६०)

पहिल्याचे मूल्य २२० पुडे, दुसऱ्याचे २५८० पुडे. टोकने तीच, क्रम तोच. फरक केवळ फांद्या कोठे फुटतात याचा. मजुरी पुड्यांवर ठरत असल्याने हा फरक केवळ सैद्धांतिक राहत नाही. पार्सरचे काम यांपैकी भाषेच्या नियमांना धरून असलेला वृक्ष निवडण्याचे आहे. एकदा वृक्ष तयार झाला की कंसांची गरज उरत नाही. मूळ मजकुरात (४० + ३) × ६० असे लिहिलेले असेल, तर त्यातील कंस वृक्षाच्या आकारात विरघळतात. कंसासह सर्व तपशील जपणाऱ्या वृक्षास मूर्त रचनावृक्ष आणि अनावश्यक तपशील गाळलेल्या वृक्षास अमूर्त रचनावृक्ष म्हणतात.

कोणते चिन्ह आधी, हे ठरविणारे कोणतेही नियम नसतील तर संभाव्य वृक्षांची संख्या झपाट्याने वाढते. दोन चिन्हांच्या राशीचे २, तीन चिन्हांच्या राशीचे ५, चार चिन्हांच्या राशीचे १४ आणि पाच चिन्हांच्या राशीचे ४२ वृक्ष होतात. गणितात या मालिकेस कॅटलान संख्या म्हणतात.

व्याकरणाचे नियम

संगणकीय भाषेचे व्याकरण लिहिण्याची आजची पद्धत आल्गोल ६० या भाषेच्या अहवालामुळे रूढ झाली. जॉन बॅकस आणि पीटर नाउर यांच्या नावांवरून तिला बॅकस–नाउर रूप म्हणतात. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी, पाणिनीच्या सूत्रपद्धतीशी असलेले साम्य पाहून, तिला पाणिनि–बॅकस रूप म्हणावे असे सुचविले होते. ही गोष्ट आपल्याकडे वारंवार अभिमानाने सांगितली जाते, परंतु साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा आहे. अष्टाध्यायीची सूत्रे धातू व प्रत्ययांपासून शुद्ध रूप घडवीत नेतात. पार्सरला तयार रूपावरून उलट मागे जावे लागते. घडविण्याचे नियम स्पष्ट असले तरी उलटा प्रवास सोपा असतोच असे नाही.

वरील हिशेबासाठी लागणारे व्याकरण शालेय बीजगणितातील राशी, पद आणि अवयव या तीनच संज्ञांत बसते. राशी म्हणजे एक पद आणि त्यापुढे शून्य किंवा अधिक वेळा ‘अधिक किंवा उणे चिन्ह व आणखी एक पद’. पद म्हणजे एक अवयव आणि त्यापुढे शून्य किंवा अधिक वेळा ‘गुणिले किंवा भागिले चिन्ह व आणखी एक अवयव’. अवयव म्हणजे अंक, किंवा नाव, किंवा कंसात घातलेली पूर्ण राशी. शेवटच्या नियमात राशी पुन्हा अवतरते, म्हणून कंसांत कंस कितीही खोल जाऊ शकतात.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. शाळेत क्रियांचा क्रम लक्षात ठेवण्यासाठी ‘कंचेभागुबेव’ हे सूत्र पाठ करून घेतले जाते. ते अक्षरशः घेतल्यास बेरीज वजाबाकीच्या आधी करावी असा समज होतो, आणि मग १० − ४ + ३ याचे उत्तर ३ येते. योग्य उत्तर ९ आहे. बेरीज व वजाबाकी एकाच पायरीवरच्या क्रिया असून त्या डावीकडून उजवीकडे करावयाच्या असतात. वरील व्याकरणात अधिक व उणे ही चिन्हे एकाच नियमात एकत्र आहेत ती याच कारणासाठी. पाठांतराचे सूत्र संगणकाला जसेच्या तसे दिले तर संगणक ते जसेच्या तसे पाळील.

फलनप्रधान भाषांतील पद्धत

या भाषांच्या परंपरेतील पहिली भाषा लिस्प. तिचे काम जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये सुरू केले. लिस्पमध्ये आज्ञावली कंसबद्ध याद्यांच्या रूपात लिहिली जाते, म्हणजे लेखक जवळजवळ रचनावृक्षच हाताने लिहितो. पार्सरला तेथे काम फार थोडे उरते. मॅकार्थी यांच्या मूळ योजनेत अधिक ओळखीच्या वळणाचे लेखनही होते, पण वापरणाऱ्यांनी कंसच पसंत केले.

१९७० च्या दशकात रॉबिन मिल्नर यांच्या नेतृत्वाखाली एडिनबरो येथे घडलेल्या एमएल या भाषेच्या कुळातून ओकॅमल निघाली. हॅस्केलचा पहिला अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. या भाषांत वृक्षाचा प्रकार थेट घोषित करता येतो. ‘राशी म्हणजे अंक, किंवा नाव, किंवा दोन राशींची बेरीज, किंवा दोन राशींचा गुणाकार’ हे वाक्य थोड्याफार चिन्हबदलाने आज्ञावलीची एक ओळ होते. त्यावर चालणारे फलनही प्रकारागणिक एकेक ओळ लिहून पूर्ण करता येते:

मूल्य (अंक क) = क
मूल्य (बेरीज (अ, आ)) = मूल्य (अ) + मूल्य (आ)
मूल्य (गुणाकार (अ, आ)) = मूल्य (अ) × मूल्य (आ)

नाव या प्रकारासाठीची ओळ येथे राहून गेली आहे. अशी उणीव असल्यास या भाषांचे कंपायलर तशी सूचना देऊ शकतात. वृक्ष हाताळण्याच्या कामात फलनप्रधान भाषा लोकप्रिय होण्याचे हे एक व्यावहारिक कारण होय.

पार्सर स्वतः एक फलन असते. त्याला टोकनांची यादी द्यावी. ते सुरुवातीची काही टोकने वापरून वृक्षाचा तुकडा आणि उरलेली टोकने अशी जोडी परत देते. पण पृथक्करण साधले नाही तर? आणि एकाहून अधिक प्रकारे साधले तर? १९८५ मध्ये फिलिप वॉडलर यांनी दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर सुचविले: पार्सरने एक जोडी न देता जोड्यांची यादी द्यावी. रिकामी यादी म्हणजे अपयश. एक जोडी म्हणजे निःसंदिग्ध यश. अनेक जोड्या म्हणजे संदिग्धता. ‘जुने बंधारे आणि तलाव’ या शब्दसमूहात ‘जुने’ हे विशेषण केवळ बंधाऱ्यांचे आहे की तलावांचेही, हे शब्दांवरून ठरत नाही, कारण दोन्ही नामे पुल्लिंगी अनेकवचनी आहेत. वॉडलर यांच्या पद्धतीचा पार्सर येथे दोन्ही वृक्ष यादीत ठेवून निर्णय पुढच्यावर सोपवतो. ‘जुन्या विहिरी आणि तलाव’ असे म्हटले तर मात्र ‘जुन्या’ हे स्त्रीलिंगी रूप तलावाला लागू शकत नाही आणि यादीत एकच वृक्ष उरतो.

लहान पार्सर जोडून मोठे पार्सर बनविणाऱ्या फलनांना संयोजक किंवा कॉम्बिनेटर म्हणतात. ‘आधी हा, मग तो’, ‘हा किंवा तो’, ‘हा शून्य किंवा अधिक वेळा’ अशा तीन-चार संयोजकांतून वर दिलेले व्याकरण जवळजवळ शब्दशः आज्ञावलीत उतरते. व्याकरण वेगळे आणि ते चालविणारे यंत्र वेगळे असे राहत नाही; व्याकरणाचा नियम हीच आज्ञावली होते. विल्यम बर्ज यांनी १९७५ च्या पुस्तकात या दिशेची मांडणी केली होती. १९९२ मध्ये ग्रॅहम हटन यांच्या लेखाने तिला सुबोध रूप दिले, आणि हटन व एरिक मायर यांनी १९९८ मध्ये मोनॅड या संकल्पनेच्या आधारे हॅस्केलमधील पार्सर कसे लिहावेत हे दाखविले. त्यांचा तो छोटा लेख आजही या विषयात प्रवेश करण्यासाठी सर्वांत चांगला म्हणावा लागेल.

अडचणी

पहिली अडचण डाव्या पुनरावर्तनाची. ‘राशी म्हणजे राशी, अधिक चिन्ह आणि पद’ असा नियम कागदावर निर्दोष आहे. तो फलन म्हणून लिहिला की राशी ओळखण्यासाठी ते फलन सर्वप्रथम स्वतःलाच बोलावते, एकही टोकन पुढे न सरकता. आणि हे कधीच थांबत नाही. म्हणून वर नियम देताना ‘एक पद आणि त्यापुढे शून्य किंवा अधिक वेळा’ अशी रचना केली. मात्र त्यातून मिळालेली पदांची यादी पुन्हा डावीकडून घड्या घालीत वृक्षात बसवावी लागते. १०, ४ आणि ३ यांची घडी डावीकडून घातली तर बेरीज (वजाबाकी (१०, ४), ३) असा वृक्ष मिळतो व उत्तर ९ येते. घडी उजवीकडून घातली तर वजाबाकी (१०, बेरीज (४, ३)) हा वृक्ष मिळतो व पुन्हा तेच चुकीचे ३.

दुसरी अडचण खर्चाची. ‘हा किंवा तो’ या संयोजकात पहिला पर्याय बराच पुढे जाऊन फसला तर मागे येऊन दुसरा पर्याय पुन्हा तीच टोकने वाचतो. अशा फेऱ्या एकात एक अडकल्या तर लागणारा वेळ मजकुराच्या लांबीनुसार घातांकी वाढू शकतो. २००१ मध्ये डान लेयन यांनी सादर केलेल्या पार्सेक या ग्रंथालयात यासाठी उलट नियम केला: पहिल्या पर्यायाने एक जरी टोकन वापरले असेल तर, लेखकाने स्पष्ट मुभा दिल्याशिवाय, दुसरा पर्याय तपासला जात नाही. ब्रायन फोर्ड यांनी २००२ मध्ये वेगळा मार्ग दाखविला. हॅस्केल कोणतीही किंमत गरज पडेपर्यंत काढत नाही आणि एकदा काढली की जपून ठेवते. या आळशी गुणाचा लाभ घेऊन प्रत्येक स्थानावरील प्रत्येक नियमाचे उत्तर एकदाच काढले तर वेळ लांबीच्या सरळ प्रमाणात राहतो. त्या बदल्यात स्मृती अधिक लागते.

तिसरी अडचण चुकांच्या संदेशांची, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी. रिकामी यादी ‘जमले नाही’ एवढेच सांगते. कोठे आणि का हे सांगत नाही. विद्यार्थ्याच्या वहीवर नुसती फुली मारून वही परत देण्यासारखेच हे आहे. पार्सेकसारखी ग्रंथालये म्हणून ओळ व स्थान, तेथे काय आढळले आणि त्या जागी काय काय चालले असते, याची नोंद ठेवतात.

हॅस्केलमध्ये यांखेरीज समासाचा प्रश्न येतो. या भाषेत ओळ किती आत सरकवून लिहिली आहे यावरून गट ठरतात. ही कल्पना पीटर लँडिन यांनी १९६६ मध्ये मांडली होती. हॅस्केलचा शब्दविश्लेषक समास पाहून अदृश्य कंस आणि अर्धविराम टोकनांत घालतो. परंतु भाषेच्या अहवालातील एका नियमानुसार पृथक्करण अडले तर तेथेही गट बंद झाला असे मानावयाचे असते. त्यामुळे पहिल्या टप्प्याला दुसऱ्या टप्प्यात काय घडले ते विचारावे लागते, आणि दोहोंतील सीमारेषा पुसट होते.

संयोजक हा एकमेव मार्ग नव्हे. हॅस्केलचा प्रमुख कंपायलर जीएचसी स्वतः ॲलेक्स व हॅपी या साधनांतून निर्माण केलेला शब्दविश्लेषक व पार्सर वापरतो. ओकॅमलमध्ये मेनहिर हे साधन प्रचलित आहे. अशा साधनांमागे डोनाल्ड कनुथ यांनी १९६५ मध्ये मांडलेला, टोकने डावीकडून वाचत वृक्ष खालून वर रचणारा सिद्धान्त आहे. मोठ्या, स्थिर व्याकरणासाठी ही साधने योग्य. लहान किंवा वरचेवर बदलणाऱ्या भाषेसाठी संयोजक सोयीचे.

महाराष्ट्राशी संबंध

पृथक्करणाच्या सिद्धान्तात मूलभूत भर घालणाऱ्यांत अरविंद जोशी (१९२९–२०१७) यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म पुण्याचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षणही पुण्याचेच. बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेतून ते अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले व तेथेच स्थिरावले. १९५८–५९ मध्ये झेलिग हॅरिस यांच्या प्रकल्पात युनिव्हॅक संगणकावर इंग्रजी वाक्यांचा पार्सर तयार झाला. तो घडविणाऱ्यांत जोशी होते. १९७५ मध्ये लिऑन लेव्ही आणि मासाको ताकाहाशी यांच्यासह त्यांनी वृक्षसंयोजी व्याकरण मांडले. नेहमीच्या व्याकरणात नियम मूळ असतात आणि वृक्ष त्यांतून निपजतो. जोशींच्या व्याकरणात लहान वृक्षच मूळ असतात आणि एका वृक्षाच्या मध्यभागी दुसरा वृक्ष कलम केल्यासारखा बसविता येतो. यामुळे नैसर्गिक भाषांतील, दूरच्या शब्दांना जोडणाऱ्या रचना पकडता येतात. त्याची किंमतही मोजावी लागते: साध्या व्याकरणासाठी लागणारा वेळ शब्दसंख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, तर वृक्षसंयोजी व्याकरणासाठीच्या ज्ञात प्रमाण पद्धतीत तो सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. २००५ मध्ये त्यांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले. मराठी वाचकांना त्यांचे कार्य फारसे ठाऊक नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

देवनागरी नावे आणि टोकन

मराठीत नावे देऊन आज्ञावली लिहिता येईल का, हा प्रश्न पार्सरपर्यंत पोहोचण्याआधी शब्दविश्लेषकापाशीच अडतो. हॅस्केलमध्ये नावाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीतील असेल तर ते प्रकाराचे किंवा रचनाकाराचे नाव, आणि लहान लिपीतील असेल तर फलनाचे किंवा चलाचे. देवनागरीत मोठी-लहान असा भेदच नाही. जीएचसी अशा अक्षरांना लहान लिपीतील समजतो. म्हणून ‘वन’ हे चलाचे नाव चालते, परंतु वरील ‘बेरीज’ किंवा ‘गुणाकार’ यांना रचनाकाराचे नाव म्हणून देवनागरीत आरंभ करता येत नाही. त्यापुढे एखादे रोमन मोठे अक्षर जोडण्याची युक्ती करावी लागते.

स्वरचिन्हांचा प्रश्न याहून नाजूक आहे. युनिकोडमध्ये देवनागरीचे व्यंजन हे अक्षर आहे, पण काना व वेलांट्या ही ‘जागा व्यापणारी जोडचिन्हे’ आणि उकार, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही ‘जागा न व्यापणारी जोडचिन्हे’ म्हणून नोंदली आहेत. हॅस्केलच्या २०१० च्या अहवालातील नियमानुसार नाव अक्षरे, अंक, अधोरेषा आणि अवतरणखूण यांचेच बनते. जोडचिन्हांना त्यात स्थान नाही. त्या नियमावर काटेकोर बेतलेला शब्दविश्लेषक ‘झाड’ या शब्दाचे ‘झ’ पाशीच टोकन तोडील. जीएचसीने पुढे जागा न व्यापणारी चिन्हे नावात स्वीकारली. पायथन ३ मध्ये युनिकोडच्या नामविषयक शिफारशी पाळल्या जात असल्याने तेथे दोन्ही प्रकारची चिन्हे चालतात आणि ‘झाड’ हे नाव अखंड राहते.

गडचिरोली व चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात बोलल्या जाणाऱ्या गोंडीसाठी घडलेल्या लिपीही आता युनिकोडमध्ये आहेत: मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडी २०१८ मध्ये. या दोन्ही लिपींतही मोठ्या-लहान अक्षरांचा भेद नाही आणि स्वरचिन्हे व्यंजनाला जोडूनच येतात, त्यामुळे नावांविषयीचे वरील सर्व नियम त्यांनाही तसेच लागू होतात.